आबांचे गुडघे

३ जून

गावाला काय सांगायचं यावर आज घरात बराच खल झाला. शेवटी आईनेच ठरवलं — गुडघे. "साताऱ्यात गुडघ्याचा डाक्टर हाय, तिकडं चाललोय म्हणायचं. संपलं."

मी म्हणाले, आई, यात लपवण्यासारखं काय आहे? नैराश्य हा आजार आहे. मधुमेहासारखाच.

"मग मधुमेह सांगू व्हय?"

माझी चिडचिड झाली. बी.ए.ला 'मानसिक आजार आणि समाज' हे अख्खं प्रकरण पाठ केलं होतं, आणि माझ्याच स्वयंपाकघरात त्यातलं एक वाक्य टिकेना.

आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. ऐकत नसावेत असं वाटलं. मग मान न वळवता म्हणाले, "कंचा?"

"काय कंचा?"

"गुडघा. डावा का उजवा? कुणी इचारलं तर."

आई म्हणाली, डावा. ठरलं. आबांनी आपणहून काही विचारलं, त्याला किती महिने झाले असतील!

४ जून

साताऱ्याला जाऊन आलो. नीट लिहून ठेवते, डोक्यात सगळा गुंता झालाय.

आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मग साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर होते. दिवाळीत ती नोकरी सोडली. भांडण नाही, काही नाही. "मन लागत न्हाई" एवढंच. आधी ऊस बघायला जायचं बंद झालं. मग दाढी. मग बोलणं. आम्हाला वाटलं, दमलेत. मे महिन्यात एका पहाटे ते आईला विहिरीच्या काठावर बसलेले दिसले. नुसते पाणी बघत. हाक मारल्यावर उठून आले, चहा प्यायले. त्या दिवशी आई मला म्हणाली, "तू शिकलीयास न्हवं? मग कर कायतरी."

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यात विषय मानसशास्त्र. आईच्या हिशेबाने मी आता निम्मी डॉक्टर.

खऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि समुपदेशनासाठी अरिबा मॅडमकडे पाठवलं. मॅडम मूळच्या लोणंदच्या. वडिलांचं तिथे भांड्यांचं दुकान आहे म्हणाल्या, तशी आई जरा सैल बसली. मॅडमनी आबांना सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" मी आईकडे बघितलं. आबा म्हणाले, "कवा कवा." मॅडम अजिबात दचकल्या नाहीत. जणू त्यांनी गुडघा दुखतो असंच सांगितलं. मग वचन घेतलं — तसं वाटलं तर आधी आईला नाहीतर मॅडमना सांगायचं. गोळ्या आईच्या ताब्यात. विहिरीकडे एकट्याने जायचं नाही. आबा खुर्चीत सावधान बसले होते, हाताचे पंजे गुडघ्यांवर. "जी मॅडम."

उपचाराचं नाव मी शिकलेलं होतं, सीबीटी. मॅडमनी ते आईला कळेल असं सांगितलं. मनात विचार येतो. विचारावरून बरं-वाईट वाटतं. जसं वाटतं तसं आपण वागतो, आणि तसं वागल्यावर पुन्हा तोच विचार येतो. वाटणं एकदम बदलता येत नाही. पण विचार तपासता येतो आणि वागणं थोडं थोडं बदलता येतं.

म्हणून आबांना कामं दिली. रोज चालायचं. रोज एक काम हाताने करायचं. सारखा छळणारा विचार पकडून शनिवारी मॅडमसमोर ठेवायचा. आणि संध्याकाळी एक आकडा सांगायचा. आज मन कसं होतं? शून्य म्हणजे अगदी वाईट, दहा म्हणजे छान.

"आकडा विचारायचं काम अंकिताचं. घरात ती माझी मदतनीस."

येताना एसटीत मी तोच शब्द घोळवत होते. मदतनीस.

संध्याकाळी विचारलं. आबांनी बराच विचार केला. "दोन."

७ जून

आज मॅडमची बकरी ईद, म्हणून शनिवार रद्द.

आबा चालायला निघाले आणि आईने माझा दंड घट्ट धरला. आबा लंगडत होते. डाव्या पायाने. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, तरी लंगडत होते.

आकडा दोनच.

९ जून

लालाकाकांनी आज रस्त्यातच गाठलं. लालासाहेब त्यांचं नाव, आबांच्याच पलटणीतले. आमच्या उसाला लागून त्यांचा ऊस.

"काय रं आकाराम, गुडघं गेलं म्हणं?"

"व्हय."

"डोंगर चढून न्हाई गेलं, आन् गेटवर खुर्चीत बसून गेलं?"

पूर्वी असला टोमणा आबांनी दुपटीने परत केला असता. आज खाली बघत राहिले. लालाकाकांचं हसणं अर्ध्यातच राहिलं. म्हणाले, निरगुडीचं तेल धाडतो. आणि खरंच बाटली आली. जेवणं झाल्यावर आई आबांच्या डाव्या गुडघ्याला तेल चोळत बसली, चांगल्या, धडधाकट गुडघ्याला. मला हसू आवरेना. मग बघितलं तर आईचे डोळे भरलेले. मग हसावं की काय करावं तेच कळेना.

उसाला पाणीही आता लालाकाकाच देणार आहेत. गुडघ्यामुळे.

१४ जून

आबांनी विचार पकडून नेला होता. "मी घराला ओझं हाय."

मॅडम म्हणाल्या, "हा विचार झाला. तो खरा आहे का ते तपासू. याच्या बाजूने पुरावे काय, विरुद्ध काय?"

पुरावा म्हटल्यावर आबा उठून उभेच राहिले. फौजेत चौकशी बसते म्हणे, तसंच त्यांना वाटलं असावं. मॅडमनी बसायला सांगितलं. बसले, पण आवाज उभं असल्यासारखाच. बायको माझ्यावर नजर ठेवायला पहाटेपासून जागी असते. पोरीचं पुढचं शिक्षण माझ्यापायी अडलंय. माझ्या उसाला दुसरा माणूस पाणी देतोय. "विरुद्ध पुरावा न्हाई, मॅडम."

मदतनीस म्हणून मी तोंड उघडलं. पण बोलणार काय? सगळं खरंच होतं.

मॅडम म्हणाल्या, "यातून एवढंच दिसतं की तुम्ही आजारी आहात आणि माणसं तुमची काळजी घेतायत. 'ओझं' हा शब्द तुम्ही वरून घातलात. बरं, लालासाहेबांचा गुडघा गेला असता तर त्यांच्या उसाला पाणी तुम्ही दिलं असतं?"

"दिलंच असतं."

"मग ते तुम्हाला ओझं वाटले असते?"

आबांनी आपल्या डाव्या गुडघ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "त्येचा गुडघा खरा असता, मॅडम."

मॅडमनी ते वाक्य तसंच लिहून घेतलं. परतीच्या एसटीत मी उत्तर शोधत होते. पुस्तकात असं उत्तर देणारा पेशंट नाही.

२१ जून

तीन! मी दोनदा विचारून घेतलं. "व्हय, तीन."

आईने शिरा केला. कशासाठी ते शेजारी कुणाला सांगता आलं नाही.

२९ जून

चार.

आबा विळ्यांना धार लावतात. गोठ्याचं दार दुरुस्त केलं. आणि सकाळी ब्लँकेटची घडी — पूर्वी घालायचे तशी, चारी कोपरे जुळवून, वीट ठेवल्यासारखी! लहानपणी मी त्या घडीवर हात फिरवून बघायची. ती घडी परत आली. मॅडमना फोन करून सांगितलं.

माझ्या डोक्यात एक आहे. गावच्या वाचनालयाची मागची खोली रिकामीच असते. तिथे आठवड्यातून एकदा कुणीही येऊन मनातलं बोलावं. फुकट. मी बसेन. आईला सांगितलं तर म्हणाली, "आदी आपल्याला गुडघ्यातनं बाहीर पडू दे, मग गावाला काढ."

५ जुलै

लालाकाका चहाला आले होते. नेहमीसारखं मी विचारलं, "आबा, आज?" "पाच."

लालाकाका म्हणाले, "कसला आकडा ह्यो?"

"दुखण्याचा," आई घाईघाईने म्हणाली. "डाक्टरनं रोज इचारायला सांगितलंय."

"पाच म्हंजी बरं का वंगाळ?"

"बरं."

लालाकाका हसायला लागले. "मग वहिनी, ह्येचं काय खरं धरू नका. आमच्यात सांजच्याला रिपोर्ट जायाचा, सब ठीक. ह्यो गडी एकदा तापानं फणफणला हुता, धड उभं ऱ्हाता येईना, तरी आपलं सब ठीक. सकाळी उचलून न्यावा लागला."

"गप रं," आबा म्हणाले. पण हसले. ओठांच्या कोपऱ्यातून, पण हसले. आजच्या दिवसाची बातमी एवढीच.

८ जुलै

सांगलीला मुलाखत झाली, समुपदेशनाच्या एम.ए.साठी. लोणंदवरून रेल्वेने गेले, एकटी. बाकीच्या मुली आपसात इंग्रजीत बोलत होत्या. मी खिडकीबाहेरचं झाड बघत बसले.

आत मात्र मी बोलले. "माझ्या ओळखीतले एक गृहस्थ" म्हणून आबांचं सांगितलं. दोनवरून पाचवर कसे आले ते. तिघंही मन लावून ऐकत होते. मग एका वयस्कर बाईंनी विचारलं, "रोज आकडा कोण विचारतं?"

"मी."

"आणि तुम्ही इकडे आल्यावर?"

"तोपर्यंत ते बरे होतील, मॅडम."

घरी आल्यावर हे सगळं आबांसमोर हौसेने सांगितलं. निवड झाली तर ऑगस्टात जावं लागेल, आणि मी त्यांना काय उत्तर दिलं तेही.

"ऑगस्टात व्हय," आबा म्हणाले. मग मी विचारायच्या आधीच म्हणाले, "आज सहा."

१३ जुलै

हे कुठे मांडावं कळत नाही. इथेच मांडते.

बुधवारी आईने आबांचं ब्लँकेट धुऊन चुलीच्या उबेला वाळवलं, आणि आबांनी घातलेल्या घडीत डांबराची गोळी ठेवली. आज उन्हाची तिरीप आली म्हणून मी ते बाहेर टाकायला उचललं. गोळी घडीतच होती. आईने ठेवली होती तिथेच.

म्हणजे रोज सकाळी मी ज्या घडीकडे बघून खूश होत होते, ती उलगडलेलीच नव्हती.

विचारलं, "आबा, रात्री पांघरत नाही?"

"उकडतंय."

आठवडाभर भुरभुर चालू आहे. आई गोधडीत पाय घेऊन बसते.

मग मी मॅडमनी शिकवलेलं स्वतःवरच करून बघितलं. विचार — आबा झोपत नाहीत, आकडा खोटा सांगतात. बाजूने पुरावा — एक डांबराची गोळी. विरुद्ध पुरावा — रोज चालतात, काम करतात, लालाकाकांसमोर हसले, मॅडम समाधानी आहेत, आकडा सहा आहे. विरुद्ध बाजू केवढी जड! म्हणजे मी दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं असं धरून चाललेय. विचारातली ही चूक तर पहिल्या धड्यातच आहे.

तपासून झालं. विचार चुकीचा निघाला. मग बरं का वाटत नाहीये?

१४ जुलै

सांगलीहून मेल आला. निवड झाली. आई चुलीपुढून उठून आली आणि पिठाच्याच हातांनी माझं तोंड धरलं. आबा म्हणाले, "शाब्बास." मग, "सात."

कुणी विचारलंही नव्हतं.

२६ जुलै

मॅडमनी आज जरा वेगळंच विचारलं. "आकडा एकदाही खाली आला नाही?"

मी म्हणाले, नाही.

"बरं होताना माणसाचा आकडा वरखाली होतो. एखादा दिवस वाईट जातोच."

आबा म्हणाले, "गोळ्या गुणकारी हायत, मॅडम." विचारांचं विचारलं तर तेही बिनचूक. "ओझं हा शब्द मी वरून घातला हुता. मी आजारी हाय, ओझं न्हाई." मॅडमचंच वाक्य, जसंच्या तसं.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "अंकिता, घरात काही वेगळं जाणवतंय?"

डांबराच्या गोळीचं अगदी जिभेवर आलं होतं. आणि आबा माझ्याकडे बघत होते. भिंतीकडे नाही, सरळ माझ्या डोळ्यांत. इतक्या महिन्यांत असं बघितलं नव्हतं.

मी म्हणाले, काही नाही.

का म्हणाले? आबांची अब्रू? की सांगली? एकदा वाटतं ते मला विनवत होते. एकदा वाटतं हेही मीच वरून घातलंय. मी आता कुठल्या विचारावर विश्वास ठेवायचा?

९ ऑगस्ट

आबांनी माळ्यावरून त्यांची काळी ट्रंक काढली. घासली, रंग दिला. वर पांढऱ्या अक्षरांत त्यांचा फौजेचा नंबर आणि नाव होतं, त्यावर काळा हात मारला आणि माझं नाव घातलं. ब्रश जराही हलला नाही.

ही ट्रंक घरात आली की रजा सुरू, आणि उंबऱ्याबाहेर गेली की संपली. लहानपणी आबांचा फोन आला की मी एकच विचारायची, "रजा मिळाली का?" ते म्हणायचे, "मिळंल, मिळंल."

पुस्तकात लिहिलंय, जिवाजवळच्या वस्तू देऊन टाकायला लागणं हे धोक्याचं लक्षण. पण बाप मुलीला हॉस्टेलला पाठवताना ट्रंक देतोच की. देतोच ना?

आईला विचारलं. आई म्हणाली, "माझ्या काळजाला काय वाटतं ते इचारू नगंस. तू जा. तू गेली न्हाईस तर त्येंच्या पुराव्यात आणि एकाची भर."

तिला पुरावा हा शब्द कळला होता. मला वाटलं होतं, मॅडमकडे ती नुसती बसून असते.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन. माजी सैनिक म्हणून आबा आणि लालाकाका पुढे. आबांनी कोट घातला, पदकं लावली. खुर्चीपासून झेंड्यापर्यंत लंगडत गेले. तिथे पोचल्यावर मात्र दोन्ही पाय जुळवून खाडकन सलाम. मग परत लंगडत खुर्चीपर्यंत.

लोक म्हणाले, बघा, एवढं गुडघं दुखतंय तरी आला.

संध्याकाळी — आठ.

१६ ऑगस्ट, गाडीत

आबा लोणंद स्टेशनवर सोडायला आले. ट्रंक स्वतः उचलली. एका बाजूला लंगडत, दुसऱ्या हातात ट्रंक.

"आबा, मी नाही गेले तर चालेल."

"सब ठीक हाय. जा तू."

गाडी हलल्यावर मी खिडकीतून बघत होते. ते तिथेच उभे होते. मग वळले आणि निघाले. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. तरी लंगडतच गेले.

१८ ऑगस्ट, सांगली

खोलीतल्या मुली चांगल्या आहेत. वर्गात काही कळत नाही. सगळं इंग्रजीत. आबांना फोनवर सांगितलं, मजेत आहे.

त्यांचा आठ.

२० ऑगस्ट

आज वर्गात त्याच वयस्कर बाई होत्या, मुलाखतीतल्या. म्हणाल्या, आपण पेशंटला रोज आकडा विचारतो, आज आपापला सांगा. पहिल्या बाकापासून सुरुवात. सात. आठ. सात. आठ. माझी पाळी आली, मी म्हणाले, आठ.

सकाळी मी न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडले होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

बाईंनी फळ्यावरच्या आकड्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "छान. म्हणजे इथे एकालाही घरची आठवण येत नाही."

कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. मला मात्र लालाकाकांचं हसणं आठवलं. सांजच्याला रिपोर्ट जायाचा, सब ठीक. सकाळी उचलून न्यावा लागला. मी ते या वहीत लिहून ठेवलंय, आणि खाली लिहिलंय, आबा हसले!

मला कुणी खोटं सांग म्हटलं नव्हतं. खोटं सांगावं असं मनातही नव्हतं. पाळी आली आणि तोंडातून आठ आलं.

२१ ऑगस्ट

दुपारी आईला फोन केला. ब्लँकेट? म्हणाली, "घडी काय मोडत न्हाई. मी बी जागीच असते, ते बी जागेच असत्यात. येकमेकाला झोपल्याचं सोंग दावतो."

लगेच अरिबा मॅडमना फोन. डांबराच्या गोळीचं, ब्लँकेटचं, ट्रंकेचं, सगळं सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "आईंना सांग, त्यांना एकटं सोडू नका. मी शनिवारी बोलावतेच, डॉक्टरही असतील. त्याआधी काही वाटलं तर तडक या. आणि आकड्यावरून त्यांच्याशी वाद घालू नकोस." आईला तसं कळवलं.

वाद घालायचा नाही. मग करायचं काय?

संध्याकाळी विचारलं, "आबा, आज?"

"आठ. तुझं कसं चाललंय?"

मी मजेत म्हणणार होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, "माझा तीन."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कुणी काय बोललं का?"

"नाही, आबा. कुणीच काही बोललं नाही. नुसतंच जमत नाहीये. का ते माहीत नाही."

वाटलं, आता म्हणतील, सगळं ठीक व्हतंय. ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "जेवलीस का?"

"नाही."

"चपाती तरी खा येक." मग, "बरं." फोन ठेवला.

हे काय केलं मी? आजारी माणसाच्या डोक्यावर माझंही टाकलं? हाही एक पुरावा होणार — पोरगी माझ्यापायी रडती. मॅडमना पुन्हा फोन करावा का?

चपाती खाल्ली.

२२ ऑगस्ट

वर्ग चालू असताना फोन वाजला. आबा. दिवसा ते कधीच फोन करत नाहीत. मी बाहेर पळाले.

"आंके."

"काय झालं? आई कुठाय?"

"हितंच हाय. काय झालं न्हाई. आकडा सांगायचा हुता."

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"येक. पयल्यापासनं येक-दोनच हाय गं. तुझ्या आईनं शिरा केला तवाचं ते तीन बी मी खोटंच सांगितलं हुतं. तू जावंस म्हणून वाढवत गेलो. रोज सांजच्याला वाढवायचं म्हंजी लय जड जायाचं. तू काल तुझं खरं सांगितलंस... रातच्याला मला पयल्यांदा वाटलं, आपुन बी सांगावं. तुझ्या आईला सांगितलं पहाटं. सगळं सांगितलं."

मागे आईचा आवाज आला, "पोरीला वर्गात जाऊ द्या की." आणि नाक ओढल्याचा.

"आंके, उद्या शनिवार. मॅडमकडं खरं बोलायचं म्हंजी... मला जमंल न जमंल." मग अगदी हळू, लहान मुलासारखं, "तुला रजा मिळंल का?"

मी म्हणाले, मिळंल, मिळंल.

२३ ऑगस्ट

सातारा स्टेशनला उतरले. आबा आले होते. सोबत लालाकाका, आणि त्यांनी एकदाही गुडघ्यांचं विचारलं नाही. माझी पिशवी घ्यायला आबा फलाटाच्या त्या टोकापासून इकडे चालत आले. सगळ्या लोकांसमोर. लंगडत नव्हते.